पाच शतांश मिलिग्रॅम : नाशिकच्या द्राक्षांचा २०१० चा हंगाम

नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळाचा पाऊस सोसून नाशिक जिल्ह्यातल्या ज्या बागा तगल्या, त्यांना पुढचे तीन महिने बरे गेले. जानेवारीपासून निफाड, दिंडोरी, चांदवड पट्ट्यातला माल पॅकहाउसमधून न्हावा शेवा बंदराकडे निघाला. तिथून रॉटरडॅम आणि मग युरोपातली सुपरमार्केटं. हंगाम अर्ध्याहून पुढे सरकला होता, तेव्हा युरोपातल्या प्रयोगशाळांत भारतीय द्राक्षांमध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. वेलीची वाढ रोखण्यासाठी वापरायचं हे रसायन; आपल्याकडे त्याला सगळे सीसीसी म्हणतात. मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम आणि सापडलेलं प्रमाण त्याहून जास्त होतं. एका आयातदाराकडे सापडल्यावर बाकीच्यांनीही तपासायला घेतलं आणि तिथेही सापडत गेलं. सुपरमार्केटांनी माल घ्यायचं थांबवलं. समुद्रातले कंटेनर अर्थातच परत वळत नाहीत; ते ठरल्याप्रमाणे पोहोचत राहिले आणि बंदरालगतच्या शीतगृहांत साचत गेले. काही माल पडेल भावाने दुसऱ्या बाजारात काढला गेला, काही नष्ट करावा लागला.

या प्रकरणाकडे ‘शेतकऱ्याने औषध जास्त मारलं’ किंवा ‘गोऱ्यांनी मुद्दाम अडवलं’ अशा दोन ठरलेल्या नजरांनी पाहिलं जातं. बागायतदारांच्या बैठकीत दुसरी नजर जास्त, शहरातल्या गप्पांत पहिली. मला दोन्ही अपुऱ्या वाटतात. कारण तो माल निघाला तेव्हा प्रत्येक लॉटसोबत प्रयोगशाळेचा अहवाल होता, त्यावर पास लिहिलेलं होतं आणि ते खोटंही नव्हतं.

पास असूनही नापास

युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची बाग आधी कृषी विभागाकडे नोंदवावी लागते. २००३ मध्ये नेदरलँड्समधून कीटकनाशकांच्या अंशांच्या तक्रारी आल्या, त्यानंतर ही शिस्त लागली. पुण्याजवळ मांजरीला असलेलं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र संदर्भ प्रयोगशाळा झालं. २००६ मध्ये अपेडाने, म्हणजे शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, ग्रेपनेट ही नोंदणी व्यवस्था सुरू केली. पेटीवरच्या क्रमांकावरून माल कुठल्या गावच्या कुठल्या प्लॉटमधला आहे, इथवर मागे जाता येऊ लागलं. शेतमालाच्या बाबतीत देशात हे पहिल्यांदाच इतक्या काटेकोरपणे झालं आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं.

काढणीआधी प्रयोगशाळेचा माणूस बागेत येऊन नमुना नेतो. त्या नमुन्यात कोणकोणती रसायनं शोधायची, याची यादी ठरलेली असते. २०१० च्या यादीत सीसीसी नव्हतं. जे शोधलंच नाही ते सापडलं नाही. अहवाल खरा होता, फक्त त्या यादीपुरता. रॉटरडॅमच्या पलीकडची यादी वेगळी होती.

आता सीसीसी बागेत आलं कुठून, हे बाग न पाहिलेल्यांसाठी थोडं सांगायला हवं. आपल्याकडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळ छाटणी, जिला आपण गोडी छाटणी म्हणतो. फळ येतं ते दुसऱ्या छाटणीनंतर, पण ते ठरतं उन्हाळ्यात. खरड छाटणीनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घडनिर्मिती होते. त्या काळात काडी नुसतीच लांब पळत सुटली, तर डोळा वांझ राहतो आणि ऑक्टोबरमध्ये घडाऐवजी बाळी, म्हणजे आधाराला गुंडाळणारा नुसता तंतू, बाहेर पडते. म्हणून शेंडा मारायचा, सबकेन (काडीवरची पोटकाडी) करायची, पाणी-नत्र हात आखडून द्यायचं आणि वाढ रोखण्यासाठी सीसीसी फवारायचं. हे रसायन वेलीतल्या जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाची निर्मिती दाबतं. पुढे हिवाळ्यात तोच बागायतदार मणी फुगवण्यासाठी घड जीएच्या द्रावणात बुडवतो, म्हणजे जिबरेलिन बाहेरून देतो. उन्हाळ्यात जे अडवायचं तेच हिवाळ्यात विकत आणायचं. द्राक्षशेतीतला खर्च का फुगतो हे समजायला एवढं पुरे.

सीसीसीची भारतात उघड, कायदेशीर विक्री होती. गावच्या कृषी सेवा केंद्रात बाटली मिळायची, सल्लागार लिहून द्यायचे. मे महिन्यात मारलेलं औषध फेब्रुवारीच्या घडात कसं उतरेल, असा सगळ्यांचाच समज. फवारणी आणि काढणी यांत आठ-नऊ महिने जातात, मधे पावसाळा येतो, मधे एक अख्खी छाटणी होऊन जुनी पानं जमिनीवर पडतात. पण हे रसायन पानावर थांबत नाही. ते झाडात भिनतं आणि लाकडात टिकतं. युरोपातच नाशपातीच्या बागांमध्ये हा अनुभव आधी आलेला होता: फवारणी बंद केल्यावरही पुढच्या हंगामांच्या फळांत अंश सापडत राहिले. ते ज्ञान जगात होतं. खेडगाव-पिंपळगावच्या दुकानात ते पोहोचलं नव्हतं आणि चाचणीची यादी करणाऱ्यांच्या टेबलावरही वेळेत पोहोचलं नाही.

०.०५ हा आकडा

किलोला ०.०५ मिलिग्रॅम म्हणजे वीस टन द्राक्षांत एक ग्रॅम. एका रीफर म्हणजे शीत कंटेनरमध्ये मावेल त्याहून थोडा जास्तच माल झाला हा. त्यात चिमूटभराहूनही कमी.

आकडा इतका लहान म्हटल्यावर ते रसायन तितकंच जहाल असणार, असा अर्थ वाचक काढतो. वर्तमानपत्रांतही त्या वेळी ‘विषारी द्राक्षं’ हा शब्द सहज वापरला गेला. एमआरएल, म्हणजे अंशाची कमाल मर्यादा, अशी ठरत नाही. मंजूर पिकावर, मंजूर मात्रेत औषध वापरल्यावर फळात किती अंश राहतो, ते आधी मोजतात. तेवढा अंश आरोग्याला चालेल का, हे तपासतात आणि मग आकडा लिहितात. ज्या पिकावर ते औषध वापरायला मंजुरीच नाही, तिथे मोजण्यासारखं काही नसतं. मग मर्यादा थेट तळाशी ठेवली जाते, यंत्राला जेवढं खात्रीने दिसू शकतं तेवढ्यावर. युरोपात द्राक्षावर सीसीसीचा मंजूर वापर नव्हता, म्हणून ०.०५. त्याच युरोपात गहू आडवा पडू नये म्हणून सीसीसी सर्रास फवारलं जातं आणि गव्हासाठीची त्यांची मर्यादा द्राक्षापेक्षा कित्येक पटींनी जास्त आहे. गव्हाचा पाव रोज खाणाऱ्याच्या पोटात त्याचा जो अंश जाण्याची मुभा आहे, ती महिन्यातून दोनदा द्राक्ष खाणाऱ्याला नाही.

यात कुणी कट केला असं मी म्हणत नाही. सगळ्या सदस्य देशांसाठी एकच मर्यादा लागू करणारा युरोपचा नियम १ सप्टेंबर २००८ पासून पूर्णपणे अंमलात आला होता आणि तो जाहीर होता. जागतिक व्यापार संघटनेच्या १९९५ च्या करारांनुसार आरोग्याच्या कारणासाठी असे निकष ठेवायचा अधिकार प्रत्येक देशाला आहे, भारतालाही आहे. शिवाय बाहेरच्या देशाला आयातीपुरती वेगळी मर्यादा मागता येते. त्यासाठी क्षेत्रीय चाचण्या, अंशांची आकडेवारी, विषशास्त्राचे अहवाल असं बाड सादर करावं लागतं. खरी अडचण इथे आहे. हे बाड कुणी तयार करायचं? पेटंट केव्हाच संपलेल्या स्वस्त रसायनासाठी कुठली कंपनी पैसा ओतेल? अडीच एकरवाला बागायतदार तर तो अर्ज कुठे करतात हेही जाणत नव्हता. राहिलं सरकार, त्याच्या यादीत तर त्या रसायनाचं नावच नव्हतं. बाजार सगळ्यांना खुला झाला होता. नियम जिथे लिहिले जातात त्या खोलीत बसायला मात्र कागद लागतात आणि ते कागद ज्यांच्याकडे होते त्यांना नाशिकच्या द्राक्षांशी देणंघेणं नव्हतं.

पट्टी

या प्रकरणाचा मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग प्रयोगशाळेत घडत नाही, तो हिशेबात घडतो.

बाजार समितीत कांदा विकला की संध्याकाळी पट्टी हातात पडते. भाव, वजन, हमाली, तोलाई, कपात, शिल्लक. भाव वाईट असेल, पण व्यवहार त्या दिवशी मिटतो. निर्यातीच्या द्राक्षाचं त्या काळात तसं नव्हतं. बरेचसे व्यवहार विश्वासावर चालत. निर्यातदार बाग पाहून जायचा, काही रक्कम आगाऊ द्यायचा, काढणीला टोळी पाठवायचा. माल जायचा तो आयातदाराकडे विक्रीसाठी ठेवायच्या बोलीवर. तिकडे जो भाव मिळेल त्यातून आयातदाराचं कमिशन, जहाजाचं भाडं, शीतकरण, पेटी, पनेट (प्लास्टिकचा छोटा डबा), पॅकिंगचा खर्च वजा होऊन उरलेलं शेतकऱ्याला. थोडक्यात, माल बागेतून गेला तरी त्यावरची जोखीम बागेतच राहिली होती. माल परदेशात, मालकी कागदोपत्री कुणाची ते धूसर आणि भाव दीड-दोन महिन्यांनी कळणार.

चांगल्या वर्षी ही पद्धत सगळ्यांना गोड लागते. स्थानिक बाजारापेक्षा बरा भाव, वर ‘एक्स्पोर्टचा बागायतदार’ ही गावातली पत. २०१० मध्ये तीच साखळी उलटी फिरली. सुपरमार्केटने आयातदाराला नकार दिला. आयातदाराने निर्यातदाराला कळवलं की मालाचे पैसे नाहीत, उलट शीतगृहाचं भाडं, तपासणीचा खर्च आणि नष्ट करायचा खर्च तुमच्या नावे. सर्वसाधारण सागरी विम्यात जहाज बुडालं, कंटेनरचं तापमान बिघडलं तर भरपाई मिळते. दुसऱ्या देशाच्या नियमात माल बसला नाही तर मिळत नाही. निर्यातदारांपैकी बरेच स्वतःच बागायतदार किंवा गावातलेच होतकरू तरुण होते, त्यांच्याकडेही बँकेच्या कर्जापलीकडे भांडवल नव्हतं. त्यांनी हात वर केले, काहींनी वर्षानुवर्षं थोडं थोडं फेडलं, काही गावातून दिसेनासे झाले. साखळीच्या टोकाला उरला तो, ज्याच्या पुढे ढकलायला कुणीच नव्हतं. त्याच्या डोक्यावर सोसायटीचं पीककर्ज, दुकानदाराची औषधांची उधारी आणि मजुरांचे पैसे होते आणि एप्रिल उजाडल्यामुळे पुढची खरड छाटणी दारात उभी. छाटणी थांबवता येत नाही. एक हंगाम चुकला तर वेल दोन वर्षं मागे जाते. म्हणजे गेल्या वर्षीचा पैसा बुडालेला असताना पुढच्या वर्षाचा खर्च सुरू करायचा.

सीसीसी कुणी मारलं आणि कुणी नाही, हा भेदही त्या वर्षी मिटला. भारतीय द्राक्ष म्हटलं की शंका, त्यामुळे ज्यांच्या बागेला ते लागलंच नव्हतं त्यांचाही भाव पडला. युरोपचा माल देशातल्या बाजारात वळला आणि पिंपळगाव बसवंतपासून नाशिकच्या हातगाड्यांपर्यंत लोकलचे भावही खाली आले. ज्याने आयुष्यात युरोपला एक घड पाठवला नाही, तोही या जागतिक व्यवहारात ओढला गेला.

दार उघडा म्हणणारे

पुण्या-मुंबईतल्या चर्चांमध्ये जागतिकीकरण हे वरून लादलेलं संकट म्हणून येतं. नाशिकचा इतिहास तसा नाही. १९८० च्या नोव्हेंबरात शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांदा-उसाच्या भावासाठी याच जिल्ह्यात रेल्वे आणि रस्ते अडवले. १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन झालं. पुढे डंकेल प्रस्तावावरून, म्हणजे जागतिक व्यापार कराराच्या मसुद्यावरून, देशभर डावे आणि स्वदेशीवाले एकत्र विरोध करत होते, तेव्हा जोशींनी खुल्या व्यापाराची बाजू घेतली. त्यांचं म्हणणं असं, की शेतकऱ्याला लुटतो तो परदेशी बाजार नसून निर्यातबंदी लादणारं आपलंच सरकार. इथल्या असंख्य बागायतदारांनी ते मनापासून पटवून घेतलं. १९९१ मध्ये सहकारी संस्थांच्या भागीदारीतून महाग्रेप्स ही निर्यात संस्था उभी राहिली आणि द्राक्षांचे कंटेनर युरोपकडे जाऊ लागले. म्हणजे दार बाहेरून फोडलं गेलं नाही, आतून उघडलं गेलं आणि उघडणाऱ्यांना त्याची किंमत पुरेपूर मिळाली. निफाड-दिंडोरीतले बंगले, ठिबक सिंचन, इंजिनिअर झालेली मुलं हे त्या दारातूनच आलं.

जोशींचं निदान कांद्याच्या बाबतीत आजही अचूक लागू पडतं. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लावलं, डिसेंबरमध्ये सरसकट निर्यातबंदी केली आणि ती उठवली ४ मे २०२४ ला, म्हणजे दिंडोरी आणि नाशिकच्या मतदानाला दोन आठवडे उरले असताना. दिंडोरीत केंद्रात राज्यमंत्री असलेल्या उमेदवार पराभूत झाल्या. एका कारणाने निवडणूक हरली जाते असं मी मानत नाही, पण लासलगावच्या कांदा बाजाराच्या आवारात त्या निकालाचं कारण कुणाला विचारावं लागलं नाही.

पण द्राक्षाला हे निदान पुरत नाही. कांद्याचं फाटक दिल्लीत आहे. ते बंद झालं तर रास्ता रोको करता येतो, लिलाव बंद पाडता येतात, मंत्र्याला जाब विचारता येतो, मत फिरवता येतं. ०.०५ चं फाटक जिथे आहे तिथे निफाडचा मतदार यादीतच नाही. बऱ्याच शेतकऱ्यांकडे दोन्ही पिकं एकाच गटात असतात. एकासाठी मोर्चा काढायचा आणि दुसऱ्यासाठी रजिस्टर भरायचं, असं दुहेरी राजकारण त्यांना शिकावं लागलं. खुल्या बाजाराचं समर्थन करणाऱ्या संघटनेच्या मांडणीत हे दुसरं फाटक जवळपास नव्हतंच आणि विरोध करणाऱ्यांनाही ते नीट दिसलं नव्हतं. त्यांचं भय बियाणं आणि बहुराष्ट्रीय कंपन्यांपुरतं होतं. पट्टीत जोखीम कुणाच्या नावे लिहिली आहे, हे दोघांनीही विचारलं नाही.

बागेतला नवा शिष्टाचार

२०१० नंतर सीसीसी तपासणीच्या यादीत आलं आणि निर्यातीच्या प्लॉटला ते हातही लावू नये, हा सल्ला पक्का झाला. युरोपियन सुपरमार्केटांचं ग्लोबलगॅप हे शेतीच्या पद्धतींचं प्रमाणपत्र आधीपासून होतं, ते आता अपरिहार्य ठरलं. त्याने बागेतलं वागणं बदललं.

एखाद्या निर्यातीच्या पॅकहाउसमध्ये फेब्रुवारीत जा. बाहेर तीस अंश, आत स्वेटर घालावा असा गारवा. लांब टेबलांच्या दोन्ही बाजूंना डोक्याला जाळीची टोपी घातलेल्या बायका उभ्या. यातल्या कितीतरी पेठ, सुरगाणा, हरसूल भागातून हंगामापुरत्या आलेल्या. डाव्या हातात देठाने धरलेला घड, मण्याला बोट लावायचं नाही, कारण वरची पांढुरकी लव पुसली गेली की माल ‘हाताळलेला’ दिसतो. उजव्या हातात बारीक कात्री. तडकलेला, गुलाबी पडलेला, लहान मणी कापून खाली टाकायचा. मण्याचा आकार पाहायला भोकं पाडलेली प्लास्टिकची पट्टी. अठरा मिलिमीटरच्या भोकातून मणी आरपार गेला तर तो घड दुसऱ्या ढिगात. अर्धा किलोचं पनेट काट्यावर ठेवायचं, चार मणी काढायचे, दोन घालायचे. भिंतीवर हात धुवायच्या पायऱ्यांची चित्रं, नखं-बांगड्यांची सूचना, प्रथमोपचार पेटी. नाक्यावर सकाळी मुकादमाकडे उभ्या राहणाऱ्या बाईला आपल्या गावच्या आरोग्य केंद्रात पाहायला मिळत नाही एवढी स्वच्छता, जो तिला कधी दिसणार नाही अशा ग्राहकासाठी ती इथे पाळते. टेबलाखाली पडलेले मणी बेदाण्याला जातात. घरी न्यायला मिळतात ते लोकलच्या ढिगातले.

ही शिस्त मजुरांच्या भल्याचीही ठरली, हे नाकारण्यात अर्थ नाही. बागेत शौचालय, फवारणी करणाऱ्याला हातमोजे-मास्क, लहान मुलं कामावर नाहीत हे तपासणारा लेखापरीक्षक, यांतलं काहीच आपल्या कामगार कायद्याने तिथवर पोहोचवलं नव्हतं. ते परदेशी ग्राहकाच्या धाकाने आलं. पण मजुरीचा दर त्या प्रमाणपत्राने ठरत नाही. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड जीएत बुडवणं) ही कामं एकरी उक्त्याने जातात आणि उक्ता ठरतो तो टोळीच्या आणि मालकाच्या घासाघिशीत. २०१० मध्ये माल नाकारला गेला, तेव्हा या टोळ्यांच्या थकलेल्या पैशांची कुठे नोंद झाली? मी ती कुठल्याही चर्चेत ऐकलेली नाही. बागायतदाराच्या नुकसानीची बातमी तरी झाली.

भाषाही बदलली. ‘औषध’ हा शब्द राहिला, पण त्याच्या शेजारी पीएचआय आला, म्हणजे फवारणीनंतर काढणीपर्यंत किती दिवस सोडायचे ते. रेसिड्यू, रिजेक्शन, क्लेम हे शब्द पारावर बसलेले म्हातारेही वापरतात. फवारणीची वही घरातली शिकलेली सून किंवा मुलगी लिहिते असं बऱ्याच घरांत दिसतं. वेलीला काय दिलं हे सासऱ्याच्या आठवणीत होतं, ते आता तिच्या अक्षरात आहे. निर्यातीचा प्लॉट वेगळा, लोकलचा वेगळा, अशी एकाच बागेची वाटणी झाली आणि हे थोडं बोचतं. युरोपला जाणाऱ्या घडावर शेकडो रसायनांची तपासणी होते. त्याच बांधापलीकडचा घड नाशिकच्या पंचवटीत किंवा मुंबईच्या दादरला विकला जातो, त्याला कुणी काही विचारत नाही.

द्राक्षाचं दुसरं जागतिक रूप म्हणजे वाइन. राज्याने २००१ मध्ये वाइन धोरण आणलं, गंगापूर धरणाच्या बाजूला पर्यटक येऊ लागले, वाइनच्या जातींची लागवड वाढली आणि २००८ च्या मंदीनंतर मागणी आटली तेव्हा अनेकांनी त्या बागा उपटल्या. तीही पट्टीचीच गोष्ट होती, फक्त तिथे दोष द्यायला परदेशी प्रयोगशाळा नव्हती.

पुढे काय झालं

मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सचं उदाहरण सगळेच देतात, मीही देतो, पण थोड्या वेगळ्या कारणासाठी. विलास शिंदे आणि त्यांचे सहकारी आधीपासून द्राक्ष निर्यात करत होते आणि २०१० चा फटका त्यांनाही बसला. त्या धक्क्यानंतर त्यांनी शेतकरी उत्पादक कंपनीच्या रूपात बांधणी केली. कंपनी कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने ही सोय झाली होती. तिचं पॅकहाउस किती मोठं यापेक्षा मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की औषध कुठलं घ्यायचं हे सांगणारा, माल तपासणारा, पाठवणारा आणि पट्टी करणारा असे सगळे एकाच छताखाली आले आणि त्या छतात शेतकऱ्याचा भाग होता. एका कंटेनरचं नुकसान शेकडो सभासदांत वाटलं गेलं तर कुणी एकटा बुडत नाही. टोमॅटो, आंबा, प्रक्रिया उद्योग असे इतर पाय असले तर एक लंगडा हंगाम निभावतो. २०२२ मध्ये या कंपनीत युरोपातल्या गुंतवणूकदारांनी सुमारे ३१० कोटी रुपये घातले. ज्या खंडाच्या नियमाने धडा शिकवला तिथलंच भांडवल आता भागीदार आहे. यात मला विरोधाभास वाटत नाही. नियम समजणाऱ्याला पैसा मिळतो एवढंच. प्रश्न बाहेर राहिलेल्यांचा आहे, कारण जिल्ह्यातले बहुसंख्य बागायतदार अशा कुठल्याही कंपनीचे सभासद नाहीत.

त्यांनी आपल्या परीने मार्ग काढला: जागेवर रोख. बाग पाहा, भाव बोला, माल तोलून घ्या, पैसे द्या, मग तो युरोपला न्या नाहीतर खाडीत टाका. यामुळे समुद्रापलीकडची जोखीम गेली आणि व्यापारी पळून जाण्याची जोखीम आली. थोडे पैसे देऊन बाकीच्यासाठी न वटणारा चेक देऊन गायब होणाऱ्या परप्रांतीय व्यापाऱ्यांच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की २०२० मध्ये नाशिक परिक्षेत्रात पोलिसांना त्यासाठी खास मोहीम घ्यावी लागली.

दुसरा बदल काडीचा, म्हणजे लागवडीच्या जातीचा. थॉम्पसन ही बिनबियांची जात आपल्याकडे आली, तिच्यातून तासगावकडे तास-ए-गणेश निवडली गेली, सोलापूरकडे सोनाका निघाली. या सगळ्या जाती पाहुण्यारावळ्यांतून, बैलगाडीतून, एसटीतून काड्यांच्या जुड्यांनी पसरल्या. कुणी कुणाला पैसे मागितले नाहीत. आता युरोपच्या शेल्फला हवी ती कुरकुरीत, टिकाऊ, रंगीत जात लागते आणि तसल्या जाती, उदाहरणार्थ कॅलिफोर्नियात पैदास झालेली आरा मालिका, परवान्यावर मिळतात. रोपासोबत करार येतो, रॉयल्टी येते आणि काडी शेजाऱ्याला द्यायची नाही ही अट येते. आपला २००१ चा पीक वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याला बियाणं राखायचा, वाटायचा, ब्रँड न लावता विकायचा हक्क देतो. पण माल कोण घेणार हे ठरवणाऱ्याने परवान्याचा कागद मागितला, तर त्या हक्काचं करायचं काय? जीए आणि विरळणीचा खर्च या जातींना बराच कमी लागतो, त्यामुळे हिशेब करणारा बागायतदार सही करतो आणि मी त्याच्या जागी असतो तर मीही केली असती.

२०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. सुएझचा रस्ता सोडून कंटेनर आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागले, प्रवास कित्येक दिवसांनी लांबला, भाडी चढली. अंशांची मर्यादा सगळ्यांनी पाळली होती, कागद सगळे पास होते. जानेवारी २०२४ मध्ये मणी भरत आलेल्या बागांत व्यापारी फिरू लागले, तेव्हा किलोचा भाव सांगण्याआधी ते जहाजाचं भाडं सांगत होते.